साप बघायला जायचं, तेही रात्री?



गेल्या रविवारी स्वाध्याय संपल्यावर मी सहज बोलून गेले, की यंदा मृग लागला की आम्ही सगळे आंबोलीला चाललोय, रात्रीचे साप बघायला. चटया गुंडाळायच्या राहिल्या आणि अर्धा तास तोच विषय झाला. एक म्हणाली, "वहिनी, आता तुम्हीसुद्धा?" दुसरीचं म्हणणं, पावसात रात्री जंगलात पाऊल टाकायचं म्हणजे पावलागणिक हिंसा. आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ अक्का काहीच बोलल्या नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. त्यांचं ते न बोलणं मला जास्त लागलं. म्हणून आज हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कबूल करते, की मुलाने विषय काढला तेव्हा मीही नाहीच म्हटलं होतं. तेरा वर्षांच्या नातवाला सापांचं वेड आहे. घोणस, फुरसे, कवड्या, तस्कर, मांजऱ्या ही नावं त्याला पाढ्यांसारखी पाठ आहेत. त्याच्यासाठी मुलाने तंबू आणला, पंचांग न बघता ऑगस्टची जोडून सुट्टी ठरवली आणि मग मला विचारलं. मी म्हटलं, चातुर्मासात? आपले मुनिमहाराज पावसाळ्याचे चार महिने एका जागी थांबतात ते कशासाठी? जमीन जिवांनी भरलेली असते म्हणून. आणि आपण मुद्दाम त्याच दिवसांत, त्याच जमिनीवर, तेही अंधारात चालायचं? माझा मुद्दा मला इतका बिनतोड वाटला, की विषय संपला असं समजून मी स्वयंपाकघरात गेले.

नऊ वर्षांची नात मागोमाग आली आणि म्हणाली, "आजी, आपल्या पार्श्वनाथांच्या डोक्यावर साप आहे, आणि तू सापाला घाबरतेस?"

पोर सहज बोलून गेली. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मला चाळीस वर्षांपूर्वीचा एक साप आठवला.

माझं सासर शिरोळ तालुक्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं. ऊस म्हणजे उंदीर, आणि उंदीर म्हणजे साप, हे त्या भागात राहिलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. लग्नाला तीन वर्षं झाली होती. गोठ्यामागे जळणाचा ढीग होता, त्यात दिवेलागणीला साप दिसला. लांबलचक, पिवळसर तपकिरी. आरडाओरडा झाला, शेजारपाजारचे गडी काठ्या घेऊन आले. मी दारात उभी होते. कुणीतरी माझ्या हातात बॅटरी दिली आणि म्हणालं, "वहिनी, उजेड धरा." मी धरला. तो ढिगातून निघून कुंपणाकडे चालला होता, म्हणजे आमच्यापासून लांब जात होता, आणि मी त्याच्यावर उजेड धरून उभी होते. पुढचं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतले एक गुरुजी बघून म्हणाले, ही तर धामण. विष नाही, काही नाही, उंदीर खाऊन शेतकऱ्याचं धान्य वाचवते बिचारी. घरात कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. मामंजींनी अंघोळ केली, बसदीत जाऊन आले आणि दिवस सुरू झाला. त्याच घरात मी रोज सकाळी विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळत होते आणि फडक्यावर राहिलेले जीव परत त्याच विहिरीत सोडत होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी फडकं, आणि सहा फुटी पंचेंद्रिय जिवासाठी काठी. तेव्हा हे मला सुचलंसुद्धा नाही.

आपण पाठशाळेत हिंसेचे चार प्रकार शिकलो आहोत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला स्वयंपाक-पाणी करावं लागतं, पोटासाठी उद्योग करावा लागतो, अंगावर आलेल्याला अडवावं लागतं, म्हणून बाकीच्या तीन प्रकारांत त्याला थोडी मोकळीक आहे. पण ठरवून केलेली, संकल्पी हिंसा त्याने पूर्ण सोडायचीच. साप मारला की आपण सगळे तो विरोधी हिंसेच्या खात्यावर टाकतो. "काय करणार, घरात लहान मुलं आहेत." मी कॉमर्सची विद्यार्थिनी, चुकीच्या खात्यावर टाकलेली रक्कम कधी ना कधी ताळेबंदात टोचते. जळणात पडून राहिलेला, कुंपणाकडे निघालेला साप विरोध कुणाला करत होता? पाच जणांनी काठ्या शोधल्या, एकीने उजेड धरला, त्याला संकल्प नाही तर काय म्हणायचं? आणि हे सगळं घडलं ते धामण आणि नाग यांतला फरक आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हता म्हणून.

म्हणून माझं मत बदललं. ज्याला आपण ओळखत नाही त्याला आपण घाबरतो, आणि साप फणा काढतो तो स्वतःच्या भीतीने, पण काठी उचलतो ती आपण आपल्या भीतीने. आमच्या घरातली पुढची पिढी तरी काठी न शोधता आधी नीट बघणारी हवी असेल, तर तिला बघायला शिकवावं लागेल. पुस्तकात बघून ते येत नाही. नातवाला चित्रातले चाळीस साप ओळखता येतात, पण परवा माळीबुवांनी बागेत सापसुरळी दाखवली तेव्हा हाच खुर्चीवर चढला.

आपल्या धर्माला साप कधी परका नव्हता, हेही आठवा. तापसाच्या धुनीतल्या जळत्या लाकडात नागाची जोडी आहे हे कुमार पार्श्वनाथांनी ओळखलं, आणि अर्धवट भाजलेल्या त्या जिवांना शेवटच्या क्षणी णमोकार ऐकवला. तेच पुढे धरणेंद्र आणि पद्मावती झाले. आपण हुमचाला जाऊन पद्मावतीमातेपुढे हात जोडतो, तेव्हा एका सापिणीच्या पुढच्या भवापुढे हात जोडतो. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी वारुळं कोरली आहेत आणि त्यांतून साप डोकावताहेत. संगमदेव साप होऊन झाडाला वेटोळं घालून बसला तेव्हा बाकीची मुलं पळाली, बाळ वर्धमान पळाले नाहीत. शास्त्रात तर सरपटणाऱ्यांचे भेदसुद्धा करून ठेवले आहेत. पोटावर सरपटणारे साप ते उरःपरिसर्प, आणि पुढच्या पायांच्या आधाराने चालणारी घोरपड, पाल वगैरे भुजपरिसर्प. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी आधी ते बघितलं असणार ना?

आता अक्कांच्या चष्मा पुसण्याकडे येते. त्यांच्या मनातला आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. ईर्यासमिती सांगते, चार हात जमीन बघत, दिवसाउजेडी, मळलेल्या वाटेने चाला. ते मुनींचं व्रत आहे, आपलं नाही, ही पळवाट मला नको. म्हणून बेत मोडण्याऐवजी मी तो बदलायला लावला. मुलगा कुरकुरला, सूनबाई माझ्या बाजूने उभी राहिली.

पहिली गोष्ट तारखेची. ऑगस्ट रद्द. मृगाचा पाऊस ७-८ जूनच्या सुमारास येतो, कधी मागेपुढे होतो. तिथून आषाढाची अष्टाह्निका सुरू होईपर्यंत जो काळ मिळतो, त्यात जायचं आणि चातुर्मास बसायच्या आत घरी यायचं. माझ्या मर्यादेचा, देशव्रताचा प्रश्न त्याने मिटतो. आणि गंमत म्हणजे बघायलाही हेच दिवस चांगले. पहिल्या पावसाने बेडूक बाहेर पडतात, बेडकांमागे साप. मलबारी चापडा हा आंबोलीचा मानाचा साप पावसाळ्यातच जास्त दिसतो. हिरवा, तपकिरी, पिवळसर, असा एकाच जातीत अनेक रंगांचा. एकाच फांदीवर तो दिवसच्या दिवस बसून राहतो म्हणे. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "सामायिकाला बसतो वाटतं." मी हसले नाही, पण खोटं कशाला बोलू, पटलं.

दुसरी गोष्ट तंबूची. मुलाच्या डोक्यात तंबू सड्यावर ठोकायचा होता. सडा म्हणजे तिथलं जांभ्या दगडाचं उघडं पठार; चित्रात फार छान दिसतं. पण आंबोलीचा म्हणून जगात ओळखला जाणारा जो छोटा भेक आहे, ज्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद २००९ मध्ये झाली, तो सुरुवातीच्या पावसात याच सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. इंच-दोन इंच पाण्याची डबकी. आपल्याला तो चिखल वाटतो आणि आपण त्यात पाय देतो. हे कळल्यावर सड्याचं नाव मुलाने स्वतःच खोडलं. शिवाय तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात तंबू रात्रभर टिकला असता का, हा वेगळाच प्रश्न. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री जाताही येत नाही. तेव्हा तंबू लागणार आहे तो एका घरगुती निवासाच्या पक्क्या पडवीत. मुलांना तंबूत झोपल्याचं समाधान, आणि गवत चिरडायला नको. चेन ओढून घेतली की आत काही शिरतही नाही. घरीही लक्षात ठेवा, मण्यार रात्री हिंडते आणि तिचे दंश बहुतेक जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्याने पुष्कळ टळतं, आपलंही आणि तिचंही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि ती कुणी बोलत नाही. रात्री गाडी चालवायची नाही. पावसाळ्यात घाटरस्त्यावर जे बेडूक आणि साप मरतात, ते बघायला आलेल्यांच्या पायाखाली कमी आणि चाकांखाली जास्त मरतात. ऊब राहते म्हणून साप डांबरावर येतात, बेडूक रस्ता ओलांडतात, आणि आपण आत गाणी लावून बसलेलो असतो. कोल्हापूरहून गडहिंग्लज-आजरामार्गे आंबोली सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. सकाळी निघायचं, दुपारी पोचायचं, गाडीची किल्ली माझ्याकडे द्यायची, ती दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर परत मिळेल. सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं हा नियम मी आयुष्यभर पाळला, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. साडेसहाला सगळे मोकळे, ढाबा शोधत हिंडणं नाही. शिदोरीत दशम्या, कडक भाकरी, लसूण न घातलेली शेंगांची चटणी, मेतकूट. पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीनच दिवसांची, म्हणून पीठ निघायच्या आदल्या दिवशी दळायचं. उकळलेलं पाणी घरून.

मग चालायचं किती? एक तास. डांबरी रस्त्याच्या कडेने किंवा मळलेल्या पायवाटेने, एकामागे एक. पहिल्याने जिथे पाय ठेवला तिथेच दुसऱ्याने ठेवायचा, हे नातीने सुचवलं. सोबत गावातला वाटाड्या हवाच, पण त्याला फोनवर आधीच सांगून ठेवलं आहे, की साप पकडून, काठीवर उचलून, फोटोसाठी फांदीवर बसवून दाखवायचा नाही. काही दिसलं नाही तरी पैसे पूर्ण मिळतील. तो जरा थांबला, मग म्हणाला, "बाई, असं पहिल्यांदाच कोणी सांगतंय." १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप मारायला-धरायला बंदी आहेच. आमच्या शेजारच्या बत्तीस शिराळ्यातसुद्धा नागपंचमीची जिवंत नागांची मिरवणूक कायद्यापुढे थांबली. पण बघण्याच्या हौसेपायी त्याला हात लावणं हे कायद्याच्या आधी आपल्या मनाला टोचलं पाहिजे. दूध पाजणंही तसंच. साप दूध पीत नाही. तहानेने कासावीस केलेला साप ते नाइलाजाने घोटतो. तीही पूजा नव्हे.

बॅटरीबद्दल एक नवीन कळलं ते सांगते. सापाला पापणी नसते. डोळ्यांवर एक पारदर्शक खवला असतो, बस. म्हणजे आपण उजेड मारला तर तो डोळे मिटूच शकत नाही. तेव्हा उजेड त्याच्या बाजूच्या पानावर धरायचा, तोंडावर नाही, आणि मिनिटभर बघून पुढे जायचं. फ्लॅश बंद. हे वाचल्यावर मला पुन्हा तो जळणाचा ढीग आठवला.

जळवांचं काय, असं तुम्ही विचाराल. आंबोलीला पावसात जळवा आहेतच. लोक मोज्यांना मीठ आणि तंबाखू चोळतात, चिकटलेली जळू मीठ टाकून मारतात. ती तडफडते, गळून पडते आणि आपल्याला वाटतं काम झालं. जळू द्वींद्रिय आहे म्हणून तिचा जीव कमी जीव होत नाही. आम्ही गुडघ्यापर्यंतचे दाट विणीचे मोजे घेतले आहेत. तरी लागलीच तर नखाने हळूच सोडवून बाजूच्या पानावर ठेवायची. थोडं रक्त जाईल. नातवाने विचारलं, "हे दान समजायचं का?" दान नाही बाळा, भाडं समज, तिच्या घरात आपण शिरतोय.

आणि धोका? आहे. सगळ्यांना घोट्याच्या वरपर्यंत बूट, हात खिशात, फांदीला धरायचं नाही. दंश झालाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळायचं नाही. अवयव हलू न देता सरळ दवाखाना. सावंतवाडीच्या सरकारी दवाखान्याचा नंबर लिहून घेतला आहे आणि अशा वेळी किल्ली मी अर्ध्या रात्रीही देईन. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. चापड्यासाठी वेगळी लस नाही, म्हणून त्याच्यापासून दोन हात लांब याला पर्याय नाही. ही लस घोड्यांच्या रक्तापासून बनते, ती आपण घ्यावी का, असं मागे एकीने मला विचारलं होतं. मी घेईन आणि घरच्यांनाही घ्यायला लावीन. पण म्हणूनच ती लागू नये एवढी काळजी घेणं हे मी त्या घोड्यांचं देणं मानते.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे पक्कं नाही. नात म्हणाली, "आजी, साप बेडकाला गिळताना दिसला तर आपण बेडकाला सोडवायचं ना?" मी भाजी निवडत होते, हात थांबला. सोडवलं तर साप उपाशी, नाही सोडवलं तर बेडूक गेला. कबुतरं पिंजऱ्यातून सोडवणारी माणसं आपण, आपला हात आपोआप पुढे होणार. वाटाडे सांगतात, मध्ये पडू नका. साप घाबरून अर्धं गिळलेलं ओकतो, बेडूक बहुतेक तरीही वाचत नाही, आणि दोघांचंही नुकसान होतं. बुद्धीला पटतं. तरी डोळ्यांसमोर एक पंचेंद्रिय जीव जात असताना नुसतं उभं राहायचं? शेवटी मी तिला म्हटलं, उजेड बंद करायचा आणि मनात णमोकार म्हणायचा, दोघांसाठी. तिने विचारलं, "सापासाठीपण?" मी म्हटलं, त्याच्यासाठी आधी. हे बरोबर सांगितलं की चूक, यावर तुमच्यापैकी ज्यांचा अभ्यास जास्त आहे त्यांनी मला जरूर सांगा. मी वाद घालणार नाही, ऐकून घेईन.

इतकं सगळं करूनही काहीतरी पायाखाली येणार, हे मला माहीत आहे. परतल्यावर प्रतिक्रमण होईल. पण आलं म्हणून जाऊच नये असं जर कुणी म्हणत असेल, तर मी त्यांना विचारेन, की पावसाळ्यात रात्री लग्नाच्या वरातीला, गाडीने, घाटातून आपण किती वेळा गेलो? तेव्हा चष्मा कुणी पुसला नव्हता.

काल संध्याकाळी अक्का स्वतःहून घरी आल्या. मी वरची सगळी यादी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या: पडवीत रात्री दिवा ठेवायचा नाही, किडे येऊन मरतात, आणि बूट रात्री उलटे टांगायचे, सकाळी झटकून घालायचे, आत काहीतरी आश्रयाला बसलेलं असतं. मग चहा घेताना विचारलं, गाडीत जागा किती आहे. त्यांचे गुडघे दुखतात, त्या चालणार नाहीत, पडवीतच बसणार आहेत. मुलाने मधल्या सीटवर त्यांच्यासाठी उशी ठेवायचं कबूल केलं आहे.